एकही छर्रा न हरवता

१

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी कारखान्याचं शटर वर केलं, तेव्हा माझ्या सायकलचं सगळं जागेवर होतं. चाकं होती, हँडल होतं, सीट होती, पेडल होती, साखळी होती. फक्त सायकल नव्हती.

जमिनीवर जुनी चादर अंथरलेली होती आणि तिच्यावर एकेक भाग डावीकडून उजवीकडे ओळीने मांडला होता. शेवटी चार वाट्या आणि त्यांत बेअरिंगचे छर्रे. या सगळ्याला एकत्र धरून ठेवणारी पोलादी फ्रेम तेवढी गायब होती. चोराने घरात शिरून भिंती न्याव्यात आणि पडद्यांच्या घड्या करून मागे ठेवाव्यात, तसा प्रकार.

मी वाटीतला एक छर्रा उचलला. तो स्वच्छ होता. मी बसवला तेव्हा तो एवढा स्वच्छ नव्हता. चोराने बहात्तरच्या बहात्तर छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, ताजं ग्रीस लावून ठेवले होते. चोरी झाल्याचं दुःख वेगळं आणि चोर आपल्यापेक्षा टापटिपीचा निघाल्याचं दुःख वेगळं.

घरी मला अर्ध्या म्हणतात. गिटार अर्धी शिकलो, पोहायला अर्धं शिकलो (हे धोक्याचं आहे), पदवीची दीड वर्षं केली. ही सायकल मी पुरी केलेली पहिली गोष्ट. भंगारवाल्याकडे वजनावर घेतलेली फ्रेम, तीन वेगवेगळ्या मेलेल्या सायकलींची चाकं आणि ब्रेक, गंज काढायला स्वयंपाकघरातला व्हिनेगर आणि घरच्यांचे जुने दात घासायचे ब्रश. त्यातले दोन जुने नव्हते, हे नंतर कळलं. आठ महिने लागले. येत्या रविवारी घाटरस्ता सकाळपुरता गाड्यांना बंद राहणार होता. वर्षातून एकदाच होतो. त्या दिवशी फक्त जुन्या पोलादी सायकली बारा किलोमीटर वर चढतात आणि बारा किलोमीटर सुसाट खाली येतात. मी जाणार, हे मी ओळखीच्या सगळ्यांना आणि अनोळखी बऱ्याच जणांना सांगून ठेवलं होतं.

कारखान्याच्या किल्ल्या माझ्याशिवाय तिघांकडे होत्या: मिस्त्री, रंगताई आणि माझा मामा. तिघंही घरच्यासारखे. एक तर खरंच घरचा.

मी पोलिसांकडे गेलो नाही. आत्याला फोन केला.

२

आत्याने एकतीस वर्षं रेल्वेच्या चाकांना हातोडीने मारलं. रागाने नाही, नोकरीच तशी होती. गाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन खालून चालत जायचं आणि प्रत्येक चाकावर एक टोला द्यायचा. धड चाक घणघणतं. तडा गेलेलं चाक थड करतं. निवृत्त झाल्यावर हातोडी सुटली, सवय सुटली नाही. कप वाजवल्याशिवाय ती चहा पीत नाही. लहानपणी तिने माझ्या डोक्यावर टिचकी मारून “ठीक आहे” म्हटलं होतं. माझ्या डोक्याबद्दल घरात निघालेला हा एकमेव चांगला उद्गार.

ती रबरी चपला घालून आत आली तेव्हा मिस्त्री चाक सरळ करत बसले होते. कारखाना त्यांचा, वरची खोली त्यांची, आणि आम्हाला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलेलं. चाक सरळ करणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. ती डोळे बारीक करून चाकाकडे बघतात. मिस्त्री बघतही नाहीत. एका बोटाचं टोक फिरत्या कडेवर ठेवतात, दुसऱ्या हाताने तारा एकेक छेडत जातात, मान जरा कलती. एखादी तार बेसूर लागली की पाव आटा फिरवतात. केसभराचा फरक ते बोटाने पकडतात. मी आठ महिने रोज बघत होतो आणि रोज माझं तोंड उघडं राहत होतं.

आत्या त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मिस्त्रींनी मान वर केली नाही. मला ओशाळल्यासारखं झालं. मग तिने सवयीने शेजारच्या लोखंडी खांबावर किल्लीने टोला दिला, तशी ते लगेच वळून म्हणाले, “कोण आलंय? कान असलेलं माणूस दिसतंय.”

मी ओळख करून दिली. चोरीचं ऐकून मिस्त्री नुसतं “वाईट झालं” म्हणाले आणि चहा करायला उठले. त्यांच्या चहाबद्दल सांगायला हवं. पेला भरताना त्यांचं एक बोट पेल्याच्या आत, काठाशी असतं. ही खोड वर्षभरातली. आम्ही त्याला बोटाचा चहा म्हणायचो आणि बिनतक्रार प्यायचो, कारण आधी ते माझ्याकडून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घ्यायचे आणि तोवर तलफ अनावर झालेली असायची. माझे उच्चार वाईट आहेत, वाचून सुधारतील, असं त्यांचं म्हणणं. मी आठ महिने उच्चार सुधारत होतो.

आत्या चादरीशी उकिडवी बसली. आमच्याकडे नियम असा, की सुटे भाग काढले त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचे, म्हणजे बसवताना उजवीकडून परत येता येतं. चोराने नियम पाळला होता. सायकलचे काही आटे उलटे फिरतात, नवखा माणूस तिथे हमखास मोडतोड करतो. इथे एक ओरखडा नव्हता. वाट्यांत छर्रे अकरा, अकरा, पंचवीस, पंचवीस.

“चोर इथलाच,” आत्या म्हणाली.

मग चादरीचा कोपरा उचलून तिने खालून निळ्या रंगाचा नखाएवढा पापुद्रा काढला, तळहातावर घेतला आणि मला भाग मोजायला लावले. फ्रेमबरोबर आणखी एक वस्तू गेली होती.

घंटी.

३

मामा सगळं वजनात मोजतो. खिशात स्वयंपाकघरातला छोटा काटा असतो. सायकल हलकी करण्यासाठी त्याने ब्रेकच्या दांड्यांना भोकं पाडली आहेत, बाटलीचं झाकण घरी ठेवतो, आणि घाट चढायच्या दिवशी दात घासायच्या ब्रशची मूठही कापली होती, ती का हे मामीलाही सांगता आलेलं नाही. गेल्याच आठवड्यात तो सगळ्यांदेखत म्हणाला होता की असली फ्रेम अर्ध्याच्या हातात म्हणजे वाया.

आत्याने त्याला बुधवारी संध्याकाळी कुठे होता असं विचारलं. मामा उठून उभा राहिला आणि त्याच्या खिशातून ट्रिंग असा आवाज आला.

मामाने घंटी बाहेर काढली.

“साठ ग्रॅम आहे ती,” मामा म्हणाला. “भाच्यासाठीच काढली. बारा किलोमीटर साठ ग्रॅम वर न्यायचे म्हणजे काय चेष्टा आहे?”

घंटी त्याने बुधवारी दुपारी चारला काढली होती. मी पाच वाजता जाताना मला कळलंही नाही. संध्याकाळी तो घरी होता आणि दिवे गेल्यामुळे मेणबत्तीचं वजन करत होता. मेणबत्ती जळताना किती हलकी होते ते बघायला. मामीने फोनवर याला दुजोरा दिला. आवाजावरून ती हे बराच काळ सोसत असावी.

राहिली रंगताई. फ्रेमी ती रंगवते आणि रंगाच्या बाबतीत तिच्याशी कुणी वाद घालत नाही. माझ्या सायकलला मी निळी म्हटलं तेव्हा तिने दोन दिवस अबोला धरला होता. तो निळा नव्हे. मोराच्या मानेचा, पण मोर सावलीत उभा असतानाचा.

तिने पापुद्रा उजेडात धरला आणि तिचा चेहरा उतरला. तिने सांगितलं की तिचा रंग असा उडत नाही. घासला तर झिजतो, आपटला तर खड्डा पडतो. हा पापुद्रा मात्र वाकडा होता आणि त्याच्या एका कडेला नक्षी होती, पुढच्या खालच्या सांध्यावर असते तशी.

“खालचं लोखंड हललं तरच माझा रंग असा तडकतो,” ती म्हणाली.

आत्याने तो सांधा कुणी जोडला विचारलं. मी म्हटलं मिस्त्रींनी, दोन महिन्यांपूर्वी. भंगारातून आणलेल्या फ्रेमची खालची तिरकी नळी गंजून गेली होती. तिच्या जागी दुसऱ्या फ्रेमची नळी बसवून त्यांनी पितळेची झाळ दिली होती, म्हणजे पितळ वितळवून सांधा पक्का केला होता.

आत्याने पापुद्रा उलटा करून बघितला. मग तिने रंगताईला भलतंच विचारलं.

“बुधवारी दिवे किती वाजता गेले?”

४

दिवे सहाला गेले होते आणि सकाळी सातला आले. सगळी गल्ली काळोखात. समोरचा शिंपी सहापासून अकरापर्यंत स्वतःच्या पायरीवर बसून होता, कारण आत मशीन बंद आणि घरी सासू. आत्याने त्याला विचारलं, कारखान्याच्या शटरखाली उजेड दिसला का? टॉर्च, मेणबत्ती, काहीही?

काहीच नाही, शिंपी म्हणाला. मिट्ट काळोख. पण नऊच्या सुमाराला आतून खुळखुळ आवाज येत होता आणि कुणीतरी हळू आवाजात पंचवीसपर्यंत मोजत होतं. झोप येत नसेल कुणाला, असं समजून त्याने लक्ष दिलं नाही.

परत आल्यावर आत्याने माझ्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि मामाच्या सायकलचे छर्रे काढायला सांगितलं. मामाने हरकत घेतली ती कुणी ऐकली नाही. चार मिनिटांत मी एकोणीस छर्रे हरवले. रंगताईने बारा. मामाने स्वतःच्याच सायकलचे सात, आणि पुढचा सगळा वेळ तो त्यांचं वजन हळहळत सांगत होता. एक छर्रा माझ्या बुटात सापडला. मी बूट घातलेलाच होता.

“बहात्तर,” आत्या म्हणाली. “धुऊन, पुसून, मोजून. ठार काळोखात.”

आम्ही तिघं जमिनीवर रांगत होतो. मिस्त्री आपल्या बाकावर स्वस्थ बसले होते. एक छर्रा घरंगळत त्यांच्या पायाकडे गेला. त्यांनी खाली न बघता हात सोडला आणि तो अलगद अडवला.

आत्याने त्यांच्याकडे चहा मागितला.

त्यांनी पेले मांडले, किटली उचलली. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांच्या हाताकडे न बघता चेहऱ्याकडे बघितलं. मिस्त्री पेल्याकडे बघतच नव्हते. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि तिथे काहीही नव्हतं. चहा चढत गेला, आतल्या बोटाला लागला, किटली थांबली. एक थेंब सांडला नाही.

मला एकदम आठवलं की मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी मला कधीच ओळखलेलं नव्हतं.

५

आत्याने चहा संपवला. तिने बाकावरचा पाना उचलला आणि ती कारखान्याच्या मागच्या टोकाला गेली. तिथे छतापासून भंगारातल्या फ्रेमी टांगलेल्या असतात. सत्तावीस, एकामागे एक, धुळीने एकाच रंगाच्या झालेल्या. तिने पहिलीवर टोला दिला.

मी पोलाद बरंच घासलंय. व्हिनेगरमध्ये बुडवलंय, शिव्या दिल्यात. पण ते गातं, हे मला ठाऊक नव्हतं. पहिली फ्रेम घंटेसारखी वाजली आणि वाजतच राहिली. तिचा स्वर विरायच्या आत दुसरी, मग तिसरी, जरा खालच्या पट्टीत. गंजलेल्या, चाकं नसलेल्या, वजनावर विकायच्या लायकीच्या फ्रेमी, आणि सगळ्या मिळून ती खोली भरून टाकत होत्या. मामाने खिशातला काटा घट्ट धरला होता. रंगताईचे डोळे मिटले होते. शिंपी पायरीवरून उठून दारात आला.

एकविसावी वाजली. बाविसावी वाजली.

तेविसावी म्हणाली: थड.

ती वरपासून खालपर्यंत जुन्या ट्यूबांनी गुंडाळलेली होती, फ्रॅक्चर झालेल्या माणसासारखी. आत्याने एक ट्यूब सोडली. आतून मोराची मान दिसली. मोर सावलीतच होता.

तिने सगळं रबर उतरवलं आणि सुतळीवर फ्रेम लोंबकळत ठेवून पुन्हा टोला दिला. वरची नळी वाजली, उभी नळी वाजली. खालची तिरकी नळी पुढच्या सांध्यापाशी मुकी. रंग तिथेच तडकला होता.

“चोरीसाठी सायकल सोडवली नाही यांनी,” आत्या म्हणाली. “ऐकण्यासाठी सोडवली. अंगावर चाकं-साखळी असली की कुठलंही लोखंड बद्दच वाजतं. टांगलेलं, उघडं लोखंड खरं बोलतं.”

मिस्त्री उठले. सरळ रेषेत, वाटेतल्या दोन स्टुलांना वळसा घालून आले आणि त्यांनी सांध्यावर हात ठेवला.

“बुधवारी जाताना तू सायकल भिंतीला टेकवलीस,” ते मला म्हणाले. “तो आवाज आवडला नाही मला. सगळं उतरवून ऐकलं. झाळ आत उतरलीच नाहीये. बाहेरून नुसती माखलीय.”

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. दीड वर्षापूर्वी समोर धूर यायला लागला, आता धूरच राहिलाय. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू असता तर काढला असता. बाकी सगळं काम बोटांनी जमतं, कानांनी जमतं, उलट आधीपेक्षा बरं जमतं. झाळ मात्र जमत नाही. लोखंड नेमकं किती लाल झालंय ते बघून पितळ लावायचं असतं, आणि तापलेल्या लोखंडाला हात लावून बघता येत नाही. त्या वेळी त्यांनी झाळेआधी सांध्याला लावतात त्या टाकणखाराचं चरचरणं ऐकून अंदाज केला होता. अंदाज चुकला.

“मग सांगितलं का नाही?” माझा आवाज चढला असावा. “मी रविवारी घाट उतरणार होतो.”

“म्हणून तर लपवली. सांगितलं असतं तर विचारलं असतंस, झाळ कशी चुकली. आंधळ्याकडे सायकल कोण आणून टाकेल? तुम्ही तिघं कुठे जाल?” त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं. “म्हटलं, चोराला वर्षभर शिव्या देईल. सायकल राहील अर्धी, पण पोरगा पुरा राहील.”

आठ महिने मी या माणसाला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो आणि उपकार ते करत आहेत असं समजत होतो. ते खरंही होतं.

छर्रे का धुतले, एवढंच मी विचारलं.

“घाण होते,” मिस्त्री म्हणाले.

६

शुक्रवारी दुपारी आम्ही जुनी झाळ वितळवून काढली, सांधा उघडून घासला आणि फ्रेम पुन्हा शिकंज्यात धरली. झाळ देणार मिस्त्रीच. दुसऱ्या कुणाला तसा हात नाही. फक्त या वेळी त्यांच्या शेजारी रंगताई उभी होती, काळा चष्मा लावून.

गॅसची ज्योत लागली.

“विटेचा,” रंगताई म्हणाली. “ओल्या विटेचा.”

“सगळीकडे?”

“डावीकडे वाळलेल्या.”

मिस्त्रींनी ज्योत डावीकडून काढून उजवीकडे नेली.

“आता सारखा. डाळिंबाच्या दाण्याचा. कच्च्या… पिकला.”

“थांब म्हणू नकोस. बोलत राहा.”

“चेरीचा. चेरीचा, पण उन्हात. संत्र्याच्या सालीचा, आतून नाही, बाहेरून. कडेला अजून चेरी आहे. गेली. आता सगळा संत्र्याचा.”

मिस्त्रींनी पितळेची कांडी टेकवली. मी याआधी झाळ देताना पाहिली होती, पण बघितली नव्हती. पितळ क्षणभर थेंब होऊन थांबलं आणि मग, कुणी आतून हाक मारल्यासारखं, सांध्याच्या फटीत शिरलं. रंगताई बोलत होती, मिस्त्रींचा हात तिच्या शब्दांमागून सरकत होता, आणि सोनेरी कड नक्षीभोवती फिरत फिरत स्वतःलाच येऊन मिळाली. दोन माणसांनी एक जोडी डोळे आणि एक जोडी हात वापरून लोखंड शिवलं. मामा कुजबुजला की चार ग्रॅम वाढले, पण काटा त्याने खिशातून काढला नाही.

फ्रेम गार झाल्यावर आत्याने ती सुतळीवर टांगली आणि सांध्यावर टोला दिला.

शिंप्याने मशीन थांबवलं. एवढा वेळ वाजली ती.

रंग वाळायला वेळ नव्हता, म्हणून सांधा उघडाच ठेवला. शनिवारी मी चादरीवरचे भाग उजवीकडून बसवत आलो. छर्रे मिस्त्रींनी दिले, एकेक मोजून. घंटी मी परत लावली. मामा बाहेर निघून गेला.

रविवारी मी घाट चढलो. याचं वर्णन करण्यासारखं काही नाही, जीभ बाहेर होती. पण वर गेल्यावर, जिथे रस्ता संपून नुसतं आभाळ उरतं तिथे, पन्नास-साठ जुन्या सायकली उभ्या होत्या आणि कुठे इंजिनाचा आवाज नाही. दरीतून वारा वर येत होता आणि फ्रेमींच्या नळ्यांवरून जाताना बारीक शिट्टी घालत होता. सगळे गप्प होते. मीसुद्धा, म्हणजे बघा.

मग उतार. वळणामागून वळण, डोळ्यांत पाणी, खाली दरी आणि मध्ये फक्त बोटभर रुंद टायर. मी एकदाच खाली बघितलं. मोराच्या मानेला सोन्याचं कडं होतं. ते हललं नाही.

पायथ्याशी मिस्त्री खुर्चीत बसले होते, शेजारी आत्या. रंगताईने नंतर सांगितलं की वळणाआडून सायकलींचा थवा येत होता, सगळ्यांची फ्रीव्हीलं एकदम कटकटत होती, कुणी दिसतही नव्हतं, आणि मिस्त्री मान कलती करून म्हणाले होते, “तो बघा, आला. पुरा उतरला.”

मी त्यांच्यासमोर ब्रेक लावला. मी काही बोलण्याआधी त्यांनी हात पुढे केला, तो बरोबर माझ्या खांद्यावर पडला. तिथे तो जरा जास्त वेळ राहिला.

“मागच्या चाकाची एक तार सैल आहे,” मिस्त्री म्हणाले.

“दोन,” आत्या म्हणाली.

मी खाली बसून एकेक तार छेडली. दोन होत्या.